बिऱ्हाडाबरोबर ढेकूण कां न्यावे?

दैनिक पत्राच्या अग्रलेखाच्या जागीं ढेकणाविषयीं लिहिलेलें पाहून कांहीं वाचकांस हें हलकेपणाचें वाटेल. राज्यकारभार, व्यापार व शिक्षण हे विषय सोडून संपादक आज गादीच्या शिवणींत कां शिरले, असा प्रश्न ते करतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या भीतीनें लक्ष्मी कमळांत, शंकर हिमालयावर व विष्णु समुद्रांत जाऊन निजतात अशी थट्टा आमच्या एका जुन्या संस्कृत कवीनें करून ठेविली आहे, त्या प्राण्याचा विचार करण्यास संपादकानें लाजण्याचें कारण नाहीं. शिवाय हा विषय दिसतो तितका खाजगीही नाहीं. ढेकूण एका घराच्या चार भिंतींत राहत नाहीं. तो जिन्यावरून, टेम्पोंतून व जुन्या बाजारांतून फिरतो, आणि ज्यानें त्यास पाळलें नाहीं अशा निरपराध माणसाच्या अंथरुणांत जाऊन बसतो. जें एकाच्या हयगयीमुळें दुसऱ्यास सोसावें लागतें तें सार्वजनिक होय.

हा विषय आतांच कां, याचेंही कारण सांगतों. आमच्या शहरांत बिऱ्हाड हलविणें ही क्वचित् घडणारी गोष्ट राहिलेली नाहीं. अकरा महिन्यांचे 'लीव्ह अँड लायसेन्स'चे करार रूढ झाल्यापासून भाडेकऱ्यांस वर्षा-दोन वर्षांनीं गाशा गुंडाळावा लागतो. दुसऱ्या बाजूस जुन्या चाळींचा पुनर्विकास चालला आहे. मुंबईंतील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकांत बांधल्या गेल्या. वरळी येथील पुनर्विकासांतील पहिल्या कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशीं हजारों कुटुंबें पुढील कांहीं वर्षांत जुन्या खोलींतून संक्रमण शिबिरांत व तेथून नव्या इमारतींत जातील. माणसें हलतात तेव्हां खाटा, गाद्या व ट्रंका हलतात. आणि त्यांच्या सांध्यांत जो दडलेला असेल तोही हलतो. शेजारच्या खोलींत ढेकूण भिंतीच्या फटींतून चालत जाईल. परंतु परळाहून ठाण्यास तो चालत जात नाहीं. तेथें त्यास आपणच नेतों. आणि आमचें म्हणणें असें कीं, त्यास आपण अज्ञानानें थोडें व लाजेनें अधिक नेतों.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. ढेकणास पंख नाहींत. तो उडत नाहीं व उडीही मारीत नाहीं. आपल्यासारख्या उष्ण देशांत मुख्यतः आढळणाऱ्या जातीस शास्त्रज्ञ 'सायमेक्स हेमिप्टेरस' म्हणतात व थंड देशांतील जातीस 'सायमेक्स लेक्ट्युलॅरिअस' म्हणतात. दोहोंचा धंदा एकच. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारें ५ मिलिमीटर लांब व इतका चपटा असतो कीं, पोस्टकार्ड शिरेल एवढ्या फटींत तो दिवसभर बसून राहतो. मादी आयुष्यांत दोनशेंच्या आसपास अंडीं घालते. अंडें सुमारें १ मिलिमीटरचें, पांढुरकें, लांकडास वा कापडास चिकटविलेलें असतें. आठ-दहा दिवसांत त्यांतून पिलूं निघतें व पांच वेळां कात टाकून मोठें होतें. प्रत्येक कातीपूर्वीं त्यास रक्त प्यावें लागतें. रक्त न मिळालें तरी ढेकूण कांहीं महिने जगतो. थंडींत अधिक, उन्हाळ्यांत कमी. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. घर महिनाभर कुलूप लावून ठेविल्यानें ढेकूण नाहींसे होत नाहींत. आणि फळलेली एकच मादी एका उशींतून नव्या घरीं गेली तरी तेथें वसाहत होण्यास तेवढें पुरेसें आहे.

या सर्व वर्णनांत दारिद्र्य, जात किंवा पंथ यांचा उल्लेख कोठेंही आला नाहीं, हें वाचकांनीं पाहिलें असेलच. ढेकणास माणसाचें रक्त व दडण्यास फट या दोन गोष्टी लागतात. मळ लागत नाहीं. पसारा असेल तर त्यास लपण्यास जागा अधिक मिळते इतकेंच. चाळींतील खाटेइतकाच तो मोठ्या हॉटेलांतील गुबगुबीत पलंगांतही सुखानें राहतो. तथापि अमक्या वस्तींतील वा अमक्या जातीच्या भाडेकऱ्यास घर देऊं नये, कारण 'ते लोक ढेकूण आणतात', असें सुशिक्षित म्हणविणारे घरमालक आजही निःसंकोच बोलतात. हा आरोग्याचा विचार नव्हे. जुना सोंवळेपणा आरोग्याचा अंगरखा घालून आला आहे, एवढेंच.

न्यायाची हीच दृष्टि आरोपीसंबंधानेंही ठेविली पाहिजे. १९०७ च्या सुमारास मद्रास येथें पॅटन या शास्त्रज्ञास काळ्या आजाराचे जंतु ढेकणाच्या पोटांत वाढतांना आढळले, व हा भयंकर रोग ढेकूणच पसरवितो असा संशय बळावला. पुढें १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं तो रोग वाळूमाशीच्या दंशानें माणसास जडतो हें प्रयोगानें दाखवून दिलें व ढेकूण त्या आरोपांतून सुटला. आजपर्यंतच्या शोधांत ढेकूण नेहमींच्या व्यवहारांत माणसामाणसांत रोग पसरवितो असें शाबीत झालेलें नाहीं. परंतु अंगावर उठणाऱ्या गांधी, खाजवून होणाऱ्या जखमा, मुलांची व रात्रपाळी करून आलेल्या कामकऱ्यांची मोडणारी झोंप, आणि उपद्रव फारच वाढल्यास अंगांतील रक्त कमी होणें, हे गुन्हे त्याच्यावर शाबीत आहेत. व शिक्षेस तेवढे पुरेत.

आतां लाजेची गोष्ट. घरांत ढेकूण झाले हें कोणी शेजाऱ्यास सांगत नाहीं. उंदीर झाले तर सांगतात, वाळवी लागली तर सल्ला विचारतात; ढेकूण झाले कीं दार लावून घेतात. बिऱ्हाड हलविण्याच्या दिवशीं ही लाज कळसास पोंचते. जुन्या मालकास सांगितलें तर अनामत रक्कम जाईल, नव्या मालकास सांगितलें तर घर जाईल, आणि हमालांस सांगितलें तर ते सामानास हात लावणार नाहींत, या भीतीनें सगळे गप्प बसतात. त्या मौनाच्या गाद्या टेम्पोंत चढतात व नव्या घरीं उतरतात.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा दोष सांगणें उचित होय. वीस वर्षांपूर्वीं, वकिलीच्या आरंभीच्या दिवसांत, आम्हीं एका भाड्याच्या घरांतून दुसऱ्या घरांत बिऱ्हाड नेलें. पुस्तकांसाठीं जुन्या बाजारांतून घेतलेलें एक शिसवी कपाट बरोबर होतें. नव्या घरांत आठच दिवसांत मुलांच्या अंगावर गांधी उठल्या व गादींत ढेकूण दिसले. आम्ही पडलों वकील. घरमालकांस तत्काळ नोटीस दिली. त्यांनीं आमच्यापूर्वीं तेथें राहून गेलेल्या एका निवृत्त शिक्षकांच्या अनामत रकमेंतून खर्च कापून घेतला व घर फवारून दिलें. शिक्षकांनीं आपल्या वेळीं ढेकूण नव्हते असें परोपरीनें सांगितलें. त्यांचें कोणी ऐकलें नाहीं, आम्हीं तर नाहींच. चार महिन्यांनीं आमच्या जुन्या घरांत आलेले भाडेकरी वाटेंत भेटले व त्यांनीं संकोचानें विचारलें कीं, "वकीलसाहेब, तुमच्या वेळीं त्या घरांत ढेकूण होते काय?" तेव्हां आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. जुन्या घरीं मुलांच्या अंगावर उठणाऱ्या गांधी डांसांच्या म्हणून आम्हीं सोडून दिल्या होत्या. घरीं येऊन कपाटाची मागची फळी काढली, तों सांध्यासांध्यांतून काळे ठिपके, रिकाम्या काती व जिवंत ढेकूण. आम्हीं घरमालकांकडे जाऊन सत्य सांगितलें व शिक्षकांची रक्कम त्यांच्या गांवीं मनिऑर्डरनें पाठविली. पैसे पोंचले, पण चार महिने ज्या इमारतींत त्यांचें नांव 'ढेकूणवाले मास्तर' असें घेतलें गेलें, तेथील प्रत्येक तोंडावर हात ठेवणें आमच्या शक्तीबाहेरचें होतें.

पंचतंत्रांत मंदविसर्पिणी नांवाच्या उवेची गोष्ट आहे. ती राजाच्या शय्येंत गुपचूप राहत असे. अग्निमुख नांवाचा ढेकूण तिच्याकडे पाहुणा म्हणून आला, राजा जागा असतांनाच त्यास चावला व पलंगाच्या फटींत पळाला. सेवकांनीं शोध केला तेव्हां सांपडली ती ऊ, आणि तीच मारली गेली. ही गोष्ट अनोळखी पाहुण्यास थारा देऊं नये एवढ्यासाठीं सांगितली जाते. आम्हांस मात्र तिच्यांत दुसरीही एक गोष्ट दिसते: घाईनें केलेल्या शोधांत खरा अपराधी फटींत राहतो व शिक्षा भलत्यास होते. आमच्या नोटिशीनें नेमकें तेंच केलें.

तेव्हां शोध घाईनें न करतां वेळेवर कसा करावा तें सांगतों. बिऱ्हाड हलविण्याच्या निदान तीन आठवडे आधीं घराची तपासणी करावी. हातांत बॅटरी घेऊन गादीच्या शिवणी, उशांचे कोपरे, खाटेचे व पलंगाचे सांधे, कपाटांच्या मागच्या फळ्या, तसबिरींच्या चौकटी, भिंतीवरील कॅलेंडरामागची जागा, विजेच्या बटणांच्या पट्ट्या व जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांच्या घड्या पाहाव्या. शाईच्या थेंबासारखे काळे ठिपके, फिकट रिकाम्या काती व चिकटलेलीं अंडीं या तीन खुणा होत. केवळ अंगावरील गांधींवरून निर्णय करूं नये. एकाच अंथरुणांत निजणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या अंगावर त्या उठतात व दुसऱ्याच्या उठत नाहींत.

ढेकूण सांपडले तर ते येथेंच मारावे, तेथें जाऊन नव्हे. हाच या लेखाचा मुख्य नियम समजावा. नव्या घरीं गेल्यावर पाहूं असें म्हणणारा मनुष्य एका घराचें काम दोन घरांचें करून ठेवितो. या शत्रूवर सर्वांत खात्रीचें शस्त्र उष्णता होय. ४८ अंश सेल्सिअस उष्णतेंत मोठा ढेकूण सुमारें २० मिनिटांत मरतो, परंतु अंड्यांस त्याच उष्णतेंत एक तासाहून अधिक वेळ लागतो. उष्णता वाढेल तसा हा वेळ झपाट्यानें कमी होतो. म्हणून कपडे, चादरी, अभ्रे व पडदे ६० अंशांच्या पाण्यांत धुवावे. ज्या कापडास तें सोसत नाहीं त्यावर वाफेची इस्त्री शिवणींवरून सावकाश फिरवावी. धुऊन वाळलेला कपडा तत्काळ प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तोंड घट्ट बांधावें व ती पिशवी नव्या घरींच उघडावी. धुतलेले कपडे पुन्हां त्याच कपाटांत ठेवणें म्हणजे केलेला खर्च पाण्यांत घालणें होय.

आमच्या आज्या वैशाखांत गाद्या गच्चीवर टाकीत व खाटेच्या सांध्यांत उकळतें पाणी ओतीत. या चालींस हंसण्याचें कारण नाहीं. उकळतें पाणी ज्यास लागेल तो ढेकूण व तें अंडें मरतेंच. परंतु उन्हाची मर्यादा ओळखली पाहिजे. गादीचा वरचा भाग तापतो तेव्हां आंतला कापूस थंडच राहतो, व ढेकूण खालच्या बाजूस सरकतो. खाट आपटल्यानें पडलेले ढेकूण जमिनीवरून पुन्हां घरांत शिरतात. आपटावयाची तर खालीं चादर पसरावी व ती उकळत्या पाण्यांत बुडवावी. कापसाची गादी फार भरली असेल तर खोळ काढून उकळावी, कापूस पिंजाऱ्याकडून नव्यानें पिंजून घ्यावा, व त्यास आधीं खरें कारण सांगावें. जी वस्तु नेण्यासारखी नाहीं ती रस्त्यावर ठेवूं नये. चांगली दिसणारी गादी कोपऱ्यावर टाकली तर तासाभरांत एखादा गरीब मनुष्य ती उचलून नेतो. आपला त्रास त्याच्या पोरांच्या अंथरुणांत नेऊन टाकणें यास दान म्हणत नाहींत. ती फाडावी, बांधावी व तिच्यावर 'ढेकूण आहेत' असें ठळक अक्षरांत लिहावें.

हलविण्याच्या दिवशीं टेम्पोकडे लक्ष द्यावें. हमाल जीं गोणपाटें व गोधड्या सामानाभोंवतीं गुंडाळतात, तींच काल दुसऱ्याच्या पलंगाभोंवतीं होतीं. आपल्या धुतलेल्या चादरी स्वतः द्याव्या व टेम्पोची फळी झाडून घ्यावी. नव्या घरांत सामान चढण्यापूर्वीं रिकाम्या खोल्या पाहाव्या. रिकामी खोली जितकें खरें सांगते तितकें भरलेली सांगत नाहीं. फटी पुट्टीनें बुजवाव्या, पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा, व निदान सहा आठवडे दर आठवड्यास शिवणी तपासाव्या.

औषधांविषयीं एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनीं १९३९ सालीं शोधला व त्याबद्दल त्यांस १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ढेकणांचा निर्वंश झाला असें तेव्हां अनेकांस वाटलें. परंतु १९४७ सालींच हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथें त्या औषधास दाद न देणारे ढेकूण आढळले होते. आज बाजारांत मिळणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गांतील फवाऱ्यांचीही अनेक ठिकाणीं तीच गत झाली आहे. शिवाय बहुतेक फवारे अंड्यांवर चालत नाहींत. म्हणून जाणत्या माणसाकडून फवारणी करवावी व अंडीं फुटल्यावर, म्हणजे सुमारें दोन आठवड्यांनीं, ती पुन्हां करवावी. एकदां फवारून दुसऱ्या दिवशीं निघालेलें बिऱ्हाड निर्मळ नव्हे. रॉकेल शिंपडण्याची चाल तर आगीस आमंत्रण आहे. आणि धान्याच्या कोठारांत वापरावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरांत ठेवणें हें मनुष्यवधाच्या जवळ जाणारें कृत्य आहे. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायु भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलींत जातो, व झोंपलेलीं माणसें उठत नाहींत. असे मृत्यु आपल्या देशांत घडलेले आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण धान्याचे व्यापारी आहेत. त्यांनीं ओळखीच्या माणसास भीड म्हणूनही या गोळ्या देऊं नयेत.

आतां कायद्याकडे वळूं. ढेकूण हा न्यायालयांत नवा नाहीं. इंग्लंडांत १८४३ सालीं स्मिथ विरुद्ध मॅरेबल या खटल्यांत ब्रायटन येथील सामानासह भाड्यानें दिलेल्या घरांत ढेकूण निघाले, म्हणून भाडेकऱ्यास मुदतीपूर्वीं घर सोडतां येतें असा निकाल झाला. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमान्वयें, मालकास ठाऊक असलेला व भाडेकऱ्यास साधारण काळजीनें न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकानें सांगितला पाहिजे. परवान्यासंबंधानें त्याच वर्षाच्या सुविधाधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमांत, परवानाधारकाच्या शरीरास वा मालमत्तेस धोका पोंचविणारा ज्ञात दोष सांगण्याचें बंधन आहे. ढेकूण या शब्दांत बसतो कीं नाहीं यावर दोन वकील दोन दिवस भांडतील. परंतु कायद्याचें धोरण स्पष्ट आहे. ज्यास ठाऊक आहे त्यानें बोललें पाहिजे. न्यू यॉर्क शहरांत तर २०१० सालापासून नव्या भाडेकऱ्यास मागील एक वर्षांतील ढेकणांचा इतिहास लेखी देण्याचें बंधन घरमालकांवर घातलें आहे.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे. त्या कागदांत आणखी एक कलम घालण्यास कोणाची हरकत आहे? मालकानें लिहावें कीं, गेल्या वर्षांत घरांत ढेकूण होते किंवा नव्हते, व असल्यास काय उपाय केला. येणाऱ्यानेंही आपल्या सामानाविषयीं तसेंच लिहावें. दोघांनीं रिकामें घर एकत्र पाहावें. जो खरें सांगतो त्याची अनामत केवळ त्या कारणानें कापूं नये. कारण सत्य सांगणाऱ्यास दंड व लपविणाऱ्यास सूट असा व्यवहार असेल तोंवर सर्व लोक लपवितच राहतील. गृहनिर्माण संस्थांनीं एका घरांत उपद्रव निघाल्यास शेजारच्या, वरच्या व खालच्या घरांची तपासणी सामाईक खर्चानें करावी. पुनर्विकासाच्या समित्यांनीं स्थलांतरापूर्वीं सर्वांच्याच सामानाची तपासणी ठेवावी, म्हणजे कोणा एकाकडे बोट जाणार नाहीं. जुन्या लांकडी सामानाच्या व्यापाऱ्यांनीं माल उघडून दाखवावा. असें करणाऱ्या दुकानाचें गिऱ्हाईक वाढेल, घटणार नाहीं.

यांत खर्च आहे व कष्टही आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु यांतील सर्वांत कठीण काम पैशाचें नव्हे. तें आहे शेजाऱ्यास 'आमच्याकडे ढेकूण झाले आहेत, तुम्हीही पाहा' असें सांगण्याचें. हें वाक्य प्रथम उच्चारतांना जीभ अडखळते. आम्हांस तें चार महिने उशिरां उच्चारतां आलें, व त्या उशिराची किंमत दुसऱ्यानें दिली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें बिऱ्हाड येत्या महिन्यांत हलावयाचें आहे, त्यांनीं ट्रंका भरण्यापूर्वीं गादीची शिवण उलटून पाहावी, आणि कांहीं आढळलें तर तें प्रथम सांगून टाकावें, एवढीच आमची विनंति आहे.